आमच्या रिंकवरच्या २५ जागा : नगरपरिषदेला खुलं पत्र

१९ फेब्रुवारी २०२२

प्रति,
माननीय महापौर, नगरपरिषदेचे सर्व सदस्य आणि क्रीडा व मनोरंजन विभागाचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी इंग्रजीत लिहून काल तुमच्या कार्यालयाच्या पेटीत टाकलं आहे. तेच मराठीत लिहून सगळ्यांसमोर ठेवते आहे, त्याला दोन कारणं आहेत. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या शहरातल्या आठ-दहा मराठी घरांतून आपल्या बर्फावरच्या स्केटिंगच्या रिंकबद्दल मला एकच प्रश्न आला, "रिंक सुरू झाली म्हणतात, मग आम्हाला जागा का मिळत नाही?" त्यांना उत्तर द्यायला हवं. दुसरं म्हणजे, इंग्रजी पत्रात मी मुद्दे मांडले, पण ते मुद्दे मनाला इतके का लागले आहेत ते मला माझ्या भाषेतच नीट सांगता येतं.

तुमची सूचना गुरुवारी संध्याकाळी आली. त्याच दिवसापासून, म्हणजे १७ फेब्रुवारीपासून, कॅनडातल्या आपल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने व्यायामशाळा, रेस्टॉरंट आणि क्रीडासंकुलांतली कोविडमुळे घातलेली माणसांच्या संख्येवरची मर्यादा उठवली. आमच्या घरी आनंद झाला होता. रात्री मुलीने फोनवर तुमची सूचना वाचून दाखवली. सार्वजनिक स्केटिंगला हंगाम संपेपर्यंत २५ जणांचीच मर्यादा राहील. चेंजिंग रूम, बाक आणि भाड्याचे स्केट्स बंदच राहतील. आणि कर्मचारी कमी असल्यामुळे लहान रिंकवरचा बर्फ ६ मार्चनंतर काढून टाकला जाईल. तीन वाक्यं, खाली विभागाचं नाव. का, कशासाठी, कुणाला विचारून, यातलं काहीच नाही.

मी निर्बंधांच्या विरोधात ओरडणाऱ्यांपैकी नाही. मी वृद्धगृहात रात्रपाळीला काळजीवाहक म्हणून काम करते. मार्च २०२० मध्ये मी तिथेच होते. आमच्या मजल्यावरच्या किती खोल्या त्या वसंतात रिकाम्या झाल्या ते मला तोंडपाठ आहे, तो आकडा मी इथे लिहिणार नाही. त्याच मार्चमध्ये माद्रिदच्या मोठ्या आइस रिंकमध्ये शवपेट्या ठेवायची वेळ आली होती. ती बातमी मी ड्यूटीवर, हात सॅनिटायझरने भाजलेले असताना वाचली. पुढे बरेच दिवस बर्फ म्हटलं की मला तेच आठवायचं. तेव्हा तुम्ही रिंकला कुलूप लावलंत आणि मला हायसं वाटलं. २६ डिसेंबर २०२० ला पुन्हा लावलंत, मी काही बोलले नाही. यंदा ५ जानेवारीला ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झालं, तेव्हाही मुलीला मीच समजावलं. लस घेतली, दाखला दाखवला, मास्क लावून बर्फावर उतरले, चष्म्यावर वाफ धरली तरी मास्क खाली केला नाही. उद्या परत लाट आली आणि तुम्ही बंद करा म्हणालात, तर मी परत ऐकेन.

पण आता रिंक बंद नाही. चालू आहे, आणि कुणासाठी चालू आहे याचा हिशेब मला मांडायचा आहे.

मी मूळची डोंबिवलीची. बर्फ म्हणजे गाडीवरचा काला खट्टा गोळा आणि लग्नाच्या मांडवात माशांच्या वासाच्या गोणपाटात गुंडाळून येणारी लादी, एवढीच माझी ओळख. २०१४ साली इथे आलो. पहिल्या तीन थंडीच्या हंगामांत मी रिंकच्या काचेबाहेर जॅकेट आणि डबे सांभाळत बसले, मुलगी आत शिकली. सहा वर्षांच्या मुली पाठीमागे हात बांधून उलट्या जायच्या, ते बघत राहायचे. २०१७ च्या जानेवारीत, एकेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी मी चार डॉलर देऊन भाड्याचे स्केट्स घेतले. आधाराला धरायचा लाल प्लास्टिकचा सील प्राणी घेतला. तो पाच वर्षांच्या मुलांसाठी असतो, मला त्याच्यासाठी कमरेत वाकावं लागायचं. सासूबाई वर बाकड्यावर थर्मास घेऊन बसल्या होत्या आणि मी हलले की तिथून "हळू गं!" म्हणून ओरडत होत्या.

त्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. जन्म इथलाच, कारखान्यातून निवृत्त झालेले, दर रविवारी येणारे. त्यांनी मला तो सील सोडायला लावला. गुडघे वाकव, पायांकडे बघू नकोस, पडायचं असेल तर बाजूला पड, मागे पडू नकोस, एवढंच त्यांनी शिकवलं, पण पुढचे सहा रविवार शिकवलं. सहाव्या रविवारी मी कठड्याला हात न लावता एक पूर्ण फेरी मारली. सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या शेजारच्या दोन अनोळखी बायकाही.

तेव्हापासून रविवारची ती पाऊण तास-तासाची फेरी माझ्या आठवड्याचा आधार झाली. ज्यांनी रात्रपाळी केली आहे आणि ज्यांच्या हातात माणसं गेली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बर्फावर दुसरा विचार करताच येत नाही. केला की पडायला होतं. सगळं लक्ष घोट्यात, गुडघ्यात आणि समोरच्या दहा फुटांत. या दोन वर्षांत मला त्याची जितकी गरज होती तितकी आयुष्यात कधी नव्हती.

३१ जानेवारीला रिंक उघडल्या. ६ फेब्रुवारीला, रविवारी, मला पहिल्यांदा जागा मिळाली. आदल्या रात्री पिशवी उघडली तर डिसेंबरात घाईने ओले स्केट्स प्लास्टिकच्या कव्हरमध्ये तसेच ठेवले गेलेले, पात्याला तांबूस गंज चढलेला. रिंकवरचं धार लावायचं दुकान तुम्ही बंद ठेवलं आहे, म्हणून वीस मिनिटं गाडी चालवून दुसऱ्या गावातून धार लावून आणली.

त्या सकाळी बाहेर उणे १४ होतं. आत बसून स्केट्स बांधायला बंदी, "तयार होऊनच या" असा नियम. म्हणून आम्ही सगळे गाड्यांच्या डिक्कीत बसून स्केट्स बांधत होतो. ज्यांनी कधी बांधले नाहीत त्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. स्केटची नाडी बुटाची नाडी नव्हे. ती पंज्यापाशी सैल, घोट्यापाशी करकचून आणि वर परत थोडी ढिली, अशी तीन वेगळ्या ताणांनी ओढावी लागते. हातमोजे घालून ती पकड येत नाही. हातमोजे काढले तर उणे १४ मध्ये दुसऱ्या स्केटपर्यंत बोटं बधिर होतात. माझे माझे बांधून झाल्यावर मी मुलीचे बांधले, मग शेजारच्या गाडीतल्या एका बाईच्या दोन मुलांचे बांधले, कारण तिची बोटं रडकुंडीला आली होती. घोट्यापाशी नाडी सैल राहिली की पाय आत कलतो आणि मूल पडतं. त्या दिवशी बर्फावर जी मुलं पडत होती, त्यातली निम्मी तरी सैल नाड्यांनी पडत होती, हे मी खात्रीने सांगते.

मग कव्हर चढवून, वाळू-मीठ टाकलेल्या फरसबंदीवरून पात्यांवर चालत दारापर्यंत. दारात लशीचा दाखला, प्रश्नावली, नावांची यादी. ४५ मिनिटांतली १२ मिनिटं तिथेच गेली. आणि आत शिरल्यावर एवढा मोठा लखलखीत, नुकती झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरवलेला बर्फ. पहिला पाय टाकला, पातं बर्फात रुतलं, तो खर्र आवाज कानात गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाय विसरले नव्हते.

दुसऱ्या फेरीला मी माणसं मोजली. सतरा. यादीत पंचवीस नावं होती, आठ जण आलेच नव्हते. आणि काचेबाहेर एक कुटुंब उभं होतं, आई-वडील, एक आजी आणि दोन मुलं, गळ्यात स्केट्स अडकवलेली. त्यांचं बुकिंग नव्हतं. दारावरच्या मुलीने त्यांना नम्रपणे परत पाठवलं. तिचा दोष नाही, तिला तसंच सांगितलं होतं. आठ जागा रिकाम्या आणि मुलं दाराबाहेर. त्या कुटुंबाला मी ओळखत नाही, पण ती आजी काचेला हात लावून किती वेळ उभी होती ते मी पाहिलं आहे.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली २५ या आकड्याची. आपली मोठी रिंक नेहमीच्या मापाची आहे, २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. कोपऱ्यांची गोलाई वजा केली तरी २५ माणसांत वाटल्यावर माणशी साडेसहाशे चौरस फूट बर्फ येतो. डोंबिवलीत आमचं सहा माणसांचं घर त्याच्या निम्म्यात होतं. ओमायक्रॉन शिखरावर असताना २५ म्हणालात, ठीक. आता प्रांताच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीच मर्यादा काढली आहे. तरी ती ठेवायची असेल तर त्यामागचं कारण आम्हाला कळलं पाहिजे. बर्फ गोठवून ठेवणाऱ्या यंत्रांना वर २५ माणसं आहेत की ८० हे कळत नाही, वीज जवळजवळ तेवढीच जळते. म्हणजे बचतही नाही.

दुसरी बुकिंगची, आणि यावर मला जास्त बोलायचं आहे. आठवड्याच्या जागा बुधवारी सकाळी सात वाजता ऑनलाइन खुल्या होतात. माझी पाळी सातला संपते. पाळीचा ताबा देऊन, गाऊन काढून, हात धुऊन फोन हातात घेईपर्यंत सात वाजून दहा मिनिटं होतात. ९ तारखेला मुलीला घरून बसवलं होतं, तिच्या सांगण्याप्रमाणे सात वाजून चार मिनिटांनी रविवारच्या सगळ्या जागा संपल्या. फोनवर बुकिंग साडेआठला सुरू होतं, म्हणजे काहीही शिल्लक नसताना. त्यासाठी आधी तुमच्या वेबसाइटवर खातं हवं, त्यात कुटुंबातल्या प्रत्येकाची नोंद हवी आणि क्रेडिट कार्ड हवं. आपल्या शहरात सकाळी सात वाजता कोण मोकळं असतं? कारखान्यात, गोदामात, दवाखान्यात, वृद्धगृहात काम करणारे नसतात. गेली दोन वर्षं ज्यांना तुम्ही अत्यावश्यक कर्मचारी म्हणालात, ज्यांच्यासाठी लोकांनी संध्याकाळी पातेली वाजवली, त्यांच्या हाती नेमकी तीच वेळ नसते. आणि ज्यांनी बुक करून न येण्याचं ठरवलं त्यांना काहीच होत नाही, कारण जागा फुकट आहे आणि रद्द करायचं बटण शोधूनही सापडत नाही.

तिसरी बाक आणि चेंजिंग रूमची. ज्या गृहस्थांनी मला शिकवलं, ते मला मागच्या आठवड्यात किराणा दुकानात भेटले. मी विचारलं, रविवारी दिसत नाही तुम्ही? ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, गाडीच्या डिक्कीत बसून मला आता वाकता येत नाही. साठ-सत्तर वर्षं बर्फावर काढलेला माणूस बर्फामुळे नव्हे, बर्फाबाहेर एक बाक नाही म्हणून घरी बसला आहे. त्यांनी तक्रार केलेली नाही. त्यांच्या पिढीची माणसं करत नाहीत, म्हणून मी करते आहे. बंद चेंजिंग रूममध्ये गर्दी नको हे मला मान्य आहे. पण कॉरिडॉर आहे, रबरी चटई अंथरलेली आहे, प्रेक्षकांची बाकं रिकामी आहेत आणि त्यांच्याभोवती तुम्ही पिवळी फीत गुंडाळून ठेवली आहे. चार-सहा बाकं अंतर ठेवून मांडली तर कुणाचं काय बिघडतं?

चौथी भाड्याचे स्केट्स, हेल्मेट आणि आधाराच्या चौकटी बंद असल्याची. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण नव्याने आलेल्या माणसाचं बर्फावर येण्याचं दार हेच आहे. स्वतःचे स्केट्स कुणाकडे असतात? जो आधीपासून स्केटिंग करतो त्याच्याकडे. मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, दोन मुलांना दर वर्षी नवे स्केट्स घेणं सगळ्या घरांना परवडत नाही. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, हे आज माझ्या वृद्धगृहातल्या सफाईवाल्या मावशीही सांगतील. भाड्याचे बूट तुम्ही वर्षानुवर्षं फवारा मारून सुकवून देतच होता. तेव्हा ही बंदी आज आरोग्यासाठी आहे असं मला वाटत नाही, काउंटरवर बसवायला माणूस नाही म्हणून आहे असं वाटतं. तसं असेल तर तसं सांगा. प्रौढांचा नवशिक्यांचा वर्गही याच हंगामात रद्द झाला. मी ज्या दाराने आत आले ते दार माझ्या मागे बंद होताना मी गप्प बसू शकत नाही.

पाचवी सगळ्यात जड आहे, बर्फाचे तास कुणाला मिळतात याची.

मी आइस हॉकीच्या विरोधात नाही. बुधवारी रात्री आमच्या घरात कुणीही झोपलं नव्हतं. कॅनडाच्या मुलींनी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ३-२ हरवून सुवर्णपदक घेतलं. पहिला गोल सारा नर्सने केला, ती आपल्या जवळच्याच हॅमिल्टनची. मग मारी-फिलिप पुलँचे दोन. माझी मुलगी सोफ्यावर उभी राहून ओरडत होती आणि सासूबाई तिला खाली उतर म्हणायचं विसरल्या. तेव्हा हॉकीची मुलं बर्फावर असावीत असं मलाही वाटतं.

पण हे बघा. जून २०२० मध्ये फ्लोरिडात, टँपा भागात, हौशी हॉकीचा एकच सामना झाला आणि त्यानंतर २२ पैकी १४ खेळाडू आजारी पडले. त्याच ऑक्टोबरात न्यू हॅम्पशायर राज्याला हॉकीतून पसरलेल्या लागणीमुळे दोन आठवडे सगळ्या रिंक बंद कराव्या लागल्या. काचेच्या भिंतींनी वेढलेली थंड, न हलणारी हवा, जोरजोरात श्वास आणि बाकावर खांद्याला खांदा, यात धोका होता. म्हणजे धोका जिथे जास्त होता तो खेळ सगळ्यात आधी पूर्ण वेळापत्रकाने परत आला. मास्क लावून, गप्पपणे, एकाच दिशेने गोल फिरणारी आजी-आजोबा आणि मुलं मात्र अजून २५ च्या आकड्यात अडकली आहेत. ३१ जानेवारीपासून क्लबांचे सराव आणि सामने रोज आहेत, ते मी तुमच्याच वेळापत्रकात पाहते. सार्वजनिक स्केटिंग महामारीपूर्वी आठवड्यातून सहा वेळा असायचं. आता दोनदा आहे, त्यातलं एक मंगळवारी दुपारी एक वाजता.

मला कारण कळतं. क्लब बर्फाचे पैसे भरतात, त्यांचे पदाधिकारी तुमच्या बैठकींना येतात, त्यांना तुमचे फोन नंबर माहीत आहेत. सार्वजनिक स्केटिंगला येणाऱ्यांची संघटना नसते. ते रविवारी येतात, फेऱ्या मारतात, चहा-कॉफी घेऊन घरी जातात. त्यांचे तास कापले की कुणी फोन करत नाही. म्हणून तेच कापले जातात. सावधगिरी सगळ्यांनी वाटून घ्यायची होती. दोन वर्षांनी ती फक्त अशा माणसांच्या वाट्याला उरली आहे ज्यांचा स्वतःचा बर्फ नाही.

आणि अशा वेळी तुम्ही लहान रिंकवरचा बर्फ काढायचं ठरवलं आहे. बर्फ काढणं म्हणजे दिवे मालवणं नव्हे की उद्या परत लावले. सिमेंटच्या जमिनीखालच्या नळ्यांतून उणे तापमानाचं खारं पाणी फिरवत, वर एकेक पातळ थर फवारून, मध्ये पांढरा रंग देऊन, रेघा आखून, मग परत थर चढवून तो इंच-दीड इंच बर्फ उभा राहतो. आपले रिंकवरचे लोक ते काम किती निगुतीने करतात ते मी रात्री घरी जाताना काचेतून पाहिलं आहे. झांबोनीत गरम पाणी का घालतात हेही मला त्यांच्यातल्याच एकाने समजावलं होतं. गरम पाण्याने वरचा ओरखड्यांचा थर किंचित वितळतो, नवा थर त्यात नीट मुरतो आणि बर्फ काचेसारखा गुळगुळीत बसतो. एकदा हा बर्फ फोडून बाहेर टाकला की या हंगामात तो परत होणार नाही. सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागेल. बाहेरच्या उघड्या रिंक मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिखल होतात. म्हणजे आता उघडलेलं दार पाच आठवड्यांतच पुन्हा मिटणार.

कर्मचारी कमी आहेत हे मी खोटं म्हणत नाही. आमच्याकडेही कमी आहेत, मी त्यामुळे आठवड्याला एक जादा पाळी करते. पण कमी माणसांत काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हा निर्णय तुम्ही घेतला आहे, तो आपोआप झालेला नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. सार्वजनिक स्केटिंगची २५ ची मर्यादा उठवा, किंवा ती का ठेवली आहे याचं आरोग्य विभागाने दिलेलं कारण लेखी प्रसिद्ध करा.

२. निम्म्या जागा ऑनलाइन ठेवा, निम्म्या दारावर येणाऱ्यांना द्या. बुकिंग केलेला माणूस दहा मिनिटांत आला नाही तर ती जागा दाराशी उभ्या असलेल्याला मिळावी. ऑनलाइन बुकिंग संध्याकाळी सुरू करा आणि फोनचं बुकिंग त्याच वेळी.

३. कॉरिडॉरमध्ये स्केट्स बांधायला बाक ठेवा. २१ तारखेच्या फॅमिली डेच्या सुट्टीपर्यंत हे सहज होण्यासारखं आहे.

४. भाड्याचे स्केट्स, हेल्मेट आणि आधाराच्या चौकटी १ मार्चपासून द्या. माणूस नसेल तर स्वयंसेवक घ्या. मी महिन्याचे दोन रविवार काउंटरवर उभी राहायला तयार आहे आणि माझ्यासारख्या आणखी चौघींनी नावं दिली आहेत.

५. लहान रिंकवरचा बर्फ ३१ मार्चपर्यंत राहू द्या आणि त्या काळात तिथले शनिवार-रविवारचे सकाळचे तास सार्वजनिक स्केटिंगला आणि प्रौढ नवशिक्यांना द्या.

६. दोन्ही रिंकच्या बर्फाच्या तासांची वाटणी, क्लबांना किती आणि सर्वांसाठी किती, दर हंगामाच्या सुरुवातीला जाहीर करा. पुढच्या वेळी ती ठरवताना कुठल्याच क्लबात नसलेल्या दोन रहिवाशांना बैठकीत बसवा.

मास्क राहू द्या, माझी हरकत नाही. हवा खेळती ठेवायला मधल्या वेळेत मोठी दारं उघडा, आम्ही थंडी सोसू.

या पत्राचं उत्तर मला २८ फेब्रुवारीपर्यंत हवं आहे, कारण त्यानंतर ६ मार्चला फार दिवस उरत नाहीत. १ मार्चला, मंगळवारी, परिषदेची बैठक आहे. तिथे पाच मिनिटं बोलण्यासाठी मी क्लार्ककडे नाव नोंदवलं आहे. हे वाचणाऱ्या आपल्या शहरातल्या मराठी मंडळींनाही माझी विनंती आहे की बैठकीला या. इंग्रजी अडखळत असेल तरी चालेल. नाव नोंदवा, "माझ्या मुलांना रविवारी जागा मिळत नाही" एवढं एक वाक्य बोललात तरी ते इतिवृत्तात लिहिलं जातं.

फॅमिली डेच्या दिवशी मुलीच्या कृपेने आम्हाला सव्वाअकराची वेळ मिळाली आहे. मी साडेदहापासून दाराशी उभी असेन. पंचवीसपैकी किती येतात आणि बाहेरून किती परत जातात, दोन्ही आकडे लिहून मी बैठकीला आणेन.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या गृहस्थांना मी काल फोन करून बैठकीची तारीख सांगितली. बैठकीच्या खोलीत बसायला खुर्ची असेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी असेल म्हणाले. ते येणार आहेत.

आपली,
आपल्याच शहरातली एक रहिवासी